दोनशे काळजांचं शून्य

किमया खारगेच्या मनगटावरची पट्टी तिसऱ्यांदा थरथरली आणि पडद्याच्या कोपऱ्यात पुन्हा तोच प्रश्न उमटला : 'कंटाळा आलाय का? वळवू?'

"वळव की बाई! अडवलंय कुणी?" किमया पडद्यावर खेकसली.

पण पडदा वळवणार कशाला? फिल्म पंचवीस वर्षांपूर्वीची. बारा मिनिटांची. नाव 'धोटा'. आणि ती जशी बनवली होती तशीच्या तशी, ढिम्मपणे पुढे सरकत होती. यंत्रमागांची एक शेड. खटाक-खटाक, खटाक-खटाक. आडवा धागा ओढत धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. एक माणूस मागाभोवती फिरतो, तुटलेला धागा जोडतो, पुन्हा फिरतो. गाणं नाही, कॅमेरा हलत नाही, कुणी कुणाशी बोलत नाही. मग एक मुलगी डबा घेऊन येते. तिला काहीतरी सांगायचंय हे तिच्या तोंडावरच दिसतं. माणूस हातानंच विचारतो, काय? ती मान हलवते, काही नाही. पुन्हा खटाक-खटाक.

किमयाच्या वर्गातल्या एकानंही असली न वळणारी फिल्म उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्यांच्या पिढीला माहीत होती ती वळती चित्रं. पट्टी तुमची नाडी मोजते, कातडीवरचा बारीकसा घाम मोजते. पडद्यावरचा डोळा तुमच्या बुबुळांवर नजर ठेवतो. या तिन्हींतून यंत्राला कळतं, की बाई आता कंटाळली, आता घाबरली, आता हिला रडू फुटणार. त्याप्रमाणे यंत्र पुढचा प्रसंग तिथल्या तिथं बनवून जोडतं. एकाच चित्रपटात किमयाचा नायक वाचायचा आणि तिच्या मैत्रिणीचा, इकरा बागवानचा, नायक दरीत पडायचा, कारण इकराला रडायला आवडतं. प्रत्येकाला आपापली गोष्ट! कंटाळा म्हणजे काय, हे लोक विसरूनच चालले होते.

आणि इथं ही मुलगी अजून गप्पच!

इतक्यात फिल्ममधली लाईट गेली. माग थांबले. अशी काही शांतता पसरली, की किमयानं दचकून स्पीकर तपासला. बंद पडला की काय? नाही. बाप-लेक मागाशेजारी बसून भाकरी खात होते. आता बोलायला आडकाठी नव्हती, तर मुलगी तोंड उघडायची आणि मिटायची. बापानं ठेचा तिच्याकडे सरकवला. किमयाला खुदकन हसू आलं, नको तिथं. मग लाईट आली, शेड पुन्हा खडखडायला लागली आणि नेमकी तेव्हा, त्या गदारोळात, मुलगी बोलली! ओठ हलले, ऐकू काहीच आलं नाही. बापानं तिच्याकडे पाहिलं, हात वर केला, अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासून पीळ दिल्यासारखं केलं आणि तो मागाकडे वळला. संपली फिल्म.

"हॅट्!" किमया उठून उभी राहिली. "आणि शेवटी काय, चिमटीतलं मीठ दाखवतो?"

पट्टीवर तिची भावरेघ आली, म्हणजे काळीज किती हललं त्याचा आकडा. शंभरपैकी बावीस.

आता किमयाला वाईट वाटायला हवं होतं. कारण चिमटीतलं मीठ दाखवणारा तो माणूस म्हणजे तिचे आजोबा, डबा घेऊन आलेली मुलगी म्हणजे तिची दीपाआत्या, आणि फिल्मही आत्यानंच, विशीत, मैत्रिणीचा कॅमेरा उसना आणून केलेली. त्यानंतर आत्या पुण्याला कॅमेरा शिकायला गेली, परत इचलकरंजीत आली आणि आता गावातल्या लग्नांची शूटिंग करते. तिची स्वतःची अशी फिल्म ही एवढीच. पंचगंगेच्या पुरात घरातली प्रत गेली; उरली ती प्रादेशिक चित्रसंग्रहात ठेवलेली.

आणि त्याच संग्रहाकडून आज सकाळी निरोप आला होता. जुन्या फिल्मा कुणी बघत नाही, जागा अडते. म्हणून प्रत्येक फिल्म तिच्याच गावात लोकांना दाखवायची आणि भावरेघ काढायची. साठच्या वर गेली तर फिल्म आहे तशी राहील. खाली आली तर ती वळती करायची आणि मूळ प्रत पुसायची. 'धोटा'ची पाळी येत्या रविवारी होती.

निरोपासोबत एक नमुनाही होता, वळती केल्यावर फिल्म कशी दिसेल त्याचा. किमयानं तो लावला आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

आजोबा बोलत होते!

माग मंद झाले, मागून बासरी आली, आजोबांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "जा बाळ. तुझी स्वप्नं पूर्ण कर. तुझा बाप इथं उभा आहे."

किमयाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. रेघ अठ्ठ्याऐंशी! तिच्या जन्माआधीच आजोबा गेले होते. त्यांचे फोटो होते, चष्मा होता, पण आवाज कुठंच नव्हता. तिनं ताबडतोब इकराला फोन लावला.

"इकऱ्या, माझे आजोबा बोलले गं!"

"आँ? स्वप्नात?"

"स्वप्नात कशाला, फिल्ममध्ये! नाद खुळा आवाज आहे. रविवारी आम्ही नापास होणार आणि मग आजोबा कायम बोलणार."

"नापास होणार म्हणून नाचणारी तू पहिलीच," इकरा म्हणाली. "गणितात पण असंच नाच की."

किमया तशीच सायकल हाणत आत्याच्या स्टुडिओत गेली. आत्या एका नवरीच्या फोटोतला मामा कापत होती. नवरीच्या घरच्यांचं म्हणणं, मामाशी आता बोलणं नाही. किमयानं तिच्यापुढे फोन धरला. "आत्या, बघ! गंमत बघ!"

आत्यानं नमुना शेवटपर्यंत पाहिला. चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

"आवाज बरा आहे," ती म्हणाली. "पण हा माझा बाप नव्हे."

"असं काय गं? चेहरा तोच, शर्ट तोच..."

"बाबा आम्हाला 'बाळ' कधी म्हणाले नाहीत. 'ए पोरी', नाहीतर 'भवाने'. आणि शेडमध्ये ते तोंड उघडायचेच नाहीत. उघडून करायचंय काय? शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू यायचं नाही तिथं. हातानं सांगायचं आणि समोरच्याचे ओठ वाचायचे. मागावर जन्म काढलेल्या सगळ्यांना येतं ते."

"मग शेवटी तू काय बोललीस? सांग की!"

 मामाला अर्धवट कापलेला तसाच ठेवून आत्या किमयाकडे वळली.

"लिहिलेलं होतं ते, 'बाबा, मी निघते,' एवढंच. पण माग सुरू झाले आणि मला वाटलं, आता कुणाला काही ऐकू येणार नाही. म्हणून मी खरं होतं ते बोलले. बाबांनी वाचलं. आणि त्यांनी जे केलं ना हातानं, ते काही मी शिकवलेलं नव्हतं. ते त्यांचं उत्तर होतं, किमे. पुण्याला जायच्या आधी त्यांनी मला दिलेलं एकुलतं एक उत्तर. आता ते पुसून पाच हजार घरांत पाच हजार वेगवेगळी वाक्यं बाबा बोलणार. ज्याला जे ऐकायचंय ते."

किमयाला एकदम आपल्या हातातला फोन जड वाटायला लागला. "पण खरं म्हणजे काय बोललीस?"

"ते रविवारी बघ. हॉलमध्ये. म्हातारी माणसं येतील, त्यांच्या शेजारी बस."

घरी येऊन किमयानं नमुना पुन्हा लावला. बासरी, हात, 'जा बाळ'. या खेपेला डोळे कोरडेच. आजोबांचे ओठ हलत होते, पण त्यांचे डोळे मागावरच्या धाग्याकडे होते, वाक्याकडे नव्हतेच! एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसेना. रेघ एकतीस.

मग तिनं मूळ फिल्म लावली. पट्टीचं 'वळवू?' बंद करून. आणि आता तिला भलतीच गोष्ट कळली. ज्या चार मिनिटांत काही घडत नाही असं तिला वाटलं होतं, त्या चार मिनिटांत मुलगी तीनदा बोलायला येते आणि तीनदा मागे सरते. आजोबांना ते कळलेलं असतं! ते मुद्दाम तिच्या बाजूच्या मागाशी घोटाळतात. जोडलेलाच धागा पुन्हा तपासतात. ठेच्याच्या जागी मघाशी खुदकन हसू आलं होतं, तिथं आता हसू येईना. कारण तो ठेचा म्हणजे 'बोल की' होतं.

"बावीस दिले मी याला?" किमया स्वतःवरच चिडली. "डोळे होते का बटणं?"

रेघ सत्तर.

रविवारी नाट्यगृह भरलं. दोनशे माणसं तरी असतील. पुढे शाळेची पोरं, मागे एकेकाळी मागावर, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमध्ये, धोट्यातल्या कांड्या भरायला असलेली म्हातारी मंडळी. दारात प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी बांधली जात होती. संग्रहाच्या निंबाळकर मॅडमनी आत्याला नमस्कार केला आणि स्वतःच्या हातावरही पट्टी बांधून त्या यंत्राशी बसल्या. पडद्याच्या कडेला हॉलची भावरेघ मोठ्या आकड्यात दिसणार होती.

आत्या खाली येऊन बसली नाही. रंगमंचाच्या कोपऱ्यात, पडद्याला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून. किमया इकराला ओढत मागच्या रांगेत गेली आणि एका नऊवारीतल्या आजींच्या शेजारी बसली.

"तुम्ही मागावर होता, आजी?"

"कांड्या भरल्या बघ तीस वर्षं. कान तिथंच ठेवून आले. बोलायचं तर तोंड माझ्याकडं करून बोल."

अंधार झाला. खटाक-खटाक. हॉलच्या थोरल्या स्पीकरमधून तो आवाज छातीतच घुसला. पोरं चुळबुळली, कुणीतरी जांभई दिली. आकडा अडतीस. पण मागच्या रांगा मात्र ताठ झाल्या होत्या. एक आजोबा पायानं ठेका धरत होते. "पलीकडच्या मागाला तेल नाही," कुणीतरी पुटपुटलं, आणि पाच-सहाजण हसले.

मुलगी डबा घेऊन आली. बोलायला गेली, मागे सरली. किमयानं पाहिलं, पुढची पोरंही आता हलायची थांबली होती. मुलगी पुन्हा मागे सरली तेव्हा सगळ्या हॉलनं एकदमच श्वास सोडला. किमयानं हर्षानं आकड्याकडे पाहिलं.

एकोणीस.

"अगं, पडतोय कसा?" इकरा तिच्या कानात म्हणाली.

लाईट गेली. शांतता. दोनशे माणसांत खोकलासुद्धा नाही. आकडा आठ.  हे लोक बघतायत, डोळे फाडून बघतायत, आणि हे यंत्र काय बघतंय?

लाईट आली, माग सुटले आणि मुलीचे ओठ हलले.

"मला भ्या वाटतंय, म्हणाली पोरगी," शेजारच्या आजी बोलल्या. त्याच क्षणी मागच्या सगळ्या रांगांतून तीच कुजबुज उठली. भ्या वाटतंय. भीती वाटतेय म्हणाली. वाऱ्यासारखी ती कुजबुज पुढच्या पोरांपर्यंत गेली, आणि ती पोहोचते न पोहोचते तोच पडद्यावर आजोबांनी हात वर केला. अंगठा, बोट, पीळ.

आणि अंधारात, किमयाच्या चहूकडे, म्हाताऱ्या माणसांचे हात आपोआप वर गेले. अंगठा, बोट, पीळ.

"ते काय असतं, आजी?" किमयानं तोंड त्यांच्याकडे वळवून विचारलं. तिचा आवाज फुटत होता.

"धागा तुटला की असं दाखवायचं लांबूनच. तुटंना का. जोड आन् चालव."

किमया रडत होती. इकरा तर मुसमुसत होती, पण इकराचं काही खरं नाही. पुढच्या रांगेतला दहावीचा दांडगा पोरगाही नाक ओढत होता. दिवे लागले. पडद्याच्या कडेला आकडा ठळक उभा होता.

शून्य.

निंबाळकर मॅडम उभ्या राहिल्या. त्यांचा स्वर मऊ होता. "मला वाईट वाटतं. मलाही फिल्म आवडली. पण नियमाप्रमाणे..."

आत्या कोपऱ्यात तशीच उभी. हाताची घडी तेवढी सुटली होती.

शून्य? किमयाचं डोकं भणभणलं. बावीस समजू शकतं. पण रडणाऱ्या माणसांचं शून्य कसं येईल? तिनं आपल्या पट्टीकडे पाहिलं. एका बाजूला नाडी : एकशे अठरा. दुसऱ्या बाजूला रेघ : सपाट. नाडी धावतेय आणि रेघ झोपलीय!

आणि तिला शाळेची प्रयोगशाळा आठवली. गेल्या महिन्यात याच पट्ट्यांचा प्रकल्प केला होता त्यांनी. मध्येच एसी लागला, गार वारा आला आणि सगळ्यांच्या कातडीचं माप एकदम बदललं. पण यंत्रानं ते पुसून टाकलं. सर म्हणाले होते, प्रत्येकजण आपापलं वेगळं चित्र बघत असतो ना, मग सगळ्यांत एकाच क्षणी सारखं काही दिसलं तर ते भावनेचं नसणार. एसीचं असेल, विजेचं असेल. ती नुसती घरघर. म्हणून यंत्र सगळ्यांत सारखं असेल ते आधी वजा करतं, आणि उरेल ते मोजतं.

सगळ्यांत सारखं असेल ते वजा!

"मॅडम, थांबा!" किमया खुर्चीवर उभीच राहिली. दोनशे माना वळल्या. तिचे पाय लटपटायला लागले, पण तोंड सुटलं ते सुटलंच. "यंत्र चुकतंय!"

"बाळ, खाली बस."

"बाळ नाही मॅडम, किमया. हे यंत्र वळत्या चित्रांसाठी केलंय. तिथं प्रत्येकाचं वेगळं, म्हणून जे सगळ्यांचं एक ते घरघर समजून ते गाळतं. पण इथं आम्ही सगळ्यांनी एकच फिल्म पाहिली! एकदम श्वास रोखला, एकदम रडलो. जेवढे आम्ही एक झालो तेवढं त्यानं वजा केलं. म्हणून आकडा पडत गेला. बघा ना, अगदी शेवटी शून्य! शून्य म्हणजे कुणालाच काही वाटलं नाही असं नाही, मॅडम. शून्य म्हणजे कुणाला वेगळं असं काही वाटलंच नाही!"

 निंबाळकर मॅडमनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "तसं असेलही. पण नियम..."

"गाळलेलं दाखवा ना! यंत्र ते ठेवतं, आमच्या शाळेतलं ठेवतं."

"दाखवा की ओ!" मागून एका आजोबांनी आवाज टाकला. "पोरगी बरोबर बोलतीय."

"तिचं ऐका मॅडम, नाहीतर ती खुर्चीवरून उतरायची नाही," इकरा म्हणाली.

मॅडम यंत्राकडे वळल्या. त्यांची बोटं क्षणभर थांबली आणि मग चालली. पडद्यावर सगळ्यांच्या रेघा एकावर एक उमटल्या.

सुरुवातीला नुसतं गवत, दोनशे माणसांची दोनशे तोंडं. मग हळूहळू सगळे धागे जवळ यायला लागले. मुलगी मागे सरते तिथं एक छोटी उसळी, पुन्हा मागे सरते तिथं मोठी. लाईट जाते तिथं सगळी काळजं मिळून खाली उतरलेली, एकाच पायरीवर. आणि शेवटी, ओठ हलतात, हात वर जातो, तिथं सगळ्यांची एकच झालेली रेघ जी चढत गेली ती पडद्याच्या वर निघून गेली. मॅडमना चित्र लहान करावं लागलं, तेव्हा कुठं शेंडा दिसला.

"तुमची पट्टीही त्यातच आहे, मॅडम," किमया म्हणाली.

मॅडमनी मनगटाकडे पाहिलं आणि त्या हसल्या. जरा ओशाळूनच. "आहे खरी. सगळ्यांना एका वेळी एकच काही वाटू शकतं, हे याला कुणी शिकवलंच नव्हतं." त्यांनी माइक जवळ घेतला. "धोटा आहे तशीच राहील. लिहून देते मी."

"आणि याआधी नापास झालेल्या फिल्मा?" किमयानं विचारलं.

मॅडमचं हसू मावळलं. "ज्या अजून पुसल्या नाहीत, त्या उद्यापासून पुन्हा लावू."

ज्या पुसल्या त्यांचं कुणीच काही विचारलं नाही. शेजारच्या आजींनी मात्र पदरानं डोळे टिपले आणि टाळी वाजवली. मग सगळा हॉल उठला. टाळ्या, शिट्ट्या, खुर्च्यांवर थापा! असा काही कल्लोळ झाला, की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. अगदी शेडमध्ये असल्यासारखं.

किमया अजून खुर्चीवरच होती. इतक्या डोक्यांपलीकडे, पडद्याच्या कोपऱ्यात, आत्या तिच्याकडे बघत होती. हाक मारून उपयोग नव्हता. तेव्हा किमयानं तोंड आत्याकडे केलं आणि ओठ सावकाश, नीट हलवले : आत्या, पाय अजून लटपटतायत!

आत्यानं वाचलं. खळखळून हसली. मग तिनं हात उंच केला, आणि पडद्यावरच्या त्या काळजांच्या रेघेवर तिच्या हाताची सावली पडली.

अंगठा, बोट, पीळ.